कलम 294 मागचा बॅरिस्टर

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि वकिलांना वर्षानुवर्षे तोंडपाठ असलेले आकडे एका रात्रीत जुने झाले. वेडाच्या भरात गुन्हा करणाऱ्याला शिक्षेतून वगळणारे कलम 84 आता कलम 22 आहे. अश्लील पुस्तके विकण्याबद्दलचे 292 आता 294 झाले. या दोन कलमांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. तरी दोन्हींचा माग काढत गेलो की एकाच माणसाच्या दारात पोचतो. पहिल्यात तो आरोपीचा वकील आहे, दुसऱ्यात न्यायाधीश. त्याचे नाव सर अलेक्झांडर कोबर्न. (इंग्रजी स्पेलिंग पाहून आपल्याकडे ‘कॉकबर्न’ लिहितात, पण तिथे उच्चार कोबर्न असाच होतो.)

कोबर्न यांचा जन्म 1802 साली आल्टोना इथला. हे गाव आज हॅम्बुर्ग शहराचा भाग आहे, तेव्हा ते डेन्मार्कच्या राजाकडे होते. वडील ब्रिटिश मुत्सद्दी, आई फ्रेंच. त्यामुळे फ्रेंच त्यांना घरीच मिळाली आणि युरोपातल्या इतर भाषाही सहज आल्या. घराणे सरदारांचे होते, पण किताब मोठ्या चुलत्यांकडे. त्यांतले एक काका म्हणजे 1814 मध्ये वॉशिंग्टन शहराला आग लावणाऱ्या ब्रिटिश मोहिमेतले आणि पुढे नेपोलियनला सेंट हेलेना बेटावर पोचवणारे नौसेनापती जॉर्ज कोबर्न. एकेक करत तिन्ही काका वारस न ठेवता गेले आणि 1858 मध्ये किताब पुतण्याकडे आला. तोवर पुतण्या स्वतःच्या बळावर पुष्कळ वर पोचला होता.

सुरुवात मात्र तशी नव्हती. केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉलमधून शिकून 1829 मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि इंग्लंडच्या पश्चिम भागातल्या फिरत्या न्यायालयांच्या मागे हिंडू लागले. कामापेक्षा चैनीकडे लक्ष जास्त, खर्चाला हात सैल. एक्झेटरच्या किल्ल्यातल्या कोर्टात वकिलांची झगे चढवायची एक खोली होती. कर्जवसुलीचे बेलिफ दारात उभे राहिले की कोबर्न त्या खोलीच्या खिडकीतून मागच्या मागे पसार होत, असा किस्सा पुढे सगळे चवीने सांगत. त्यांना हात दिला तो 1832 च्या निवडणूक सुधारणा कायद्याने. नवे मतदारसंघ, नवे मतदार, म्हणजे निवडणुकांवरचे तंटेही नवे. त्या खटल्यांत कोबर्न यांनी जम बसवला आणि 1841 मध्ये ते क्वीन्स कौन्सेल, म्हणजे मानाचा दर्जा मिळालेले ज्येष्ठ वकील झाले.

दोनच वर्षांनी त्यांच्याकडे डॅनियल मॅकनॉटनचा खटला आला.

मॅकनॉटन ग्लासगोचा, लाकूडकाम करणारा माणूस. टोरी पक्षाचे लोक आपल्या पाळतीवर आहेत, गावोगाव पाठलाग करून आपल्याला जगू देत नाहीत, अशी त्याची पक्की समजूत झालेली. 20 जानेवारी 1843 रोजी त्याने लंडनमध्ये भर रस्त्यात एडवर्ड ड्रमंड यांच्या पाठीत गोळी घातली. ड्रमंड हे टोरी पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव. आपण पील यांनाच मारले, असे मॅकनॉटनला वाटत होते. पाच दिवसांनी ड्रमंड वारले. आरोपीच्या खिशात 750 पौंडांच्या ठेवीची पावती निघाली. कामगारासाठी ही रक्कम डोळे विस्फारावी एवढी होती. त्यातूनच बचावाचा खर्च निघाला आणि कोबर्न यांच्यासारखा महागडा वकील उभा राहू शकला.

कोबर्न यांनी हत्या नाकारलीच नाही. आरोपी बाकी सगळ्या व्यवहारात शहाणा दिसत असेल, पैसे साठवत असेल, पण या एका भ्रमापुढे त्याची इच्छाशक्तीच शिल्लक नव्हती, असा त्यांचा युक्तिवाद. त्या काळच्या ताज्या वैद्यकीय ग्रंथांतले उतारे त्यांनी वाचून दाखवले, एकामागून एक डॉक्टर साक्षीला आणले. सरकारी पक्षाकडे उलट साक्ष देणारा एकही डॉक्टर नव्हता. न्यायाधीशांनी खटला तिथेच थांबवल्यासारखा केला आणि ज्युरीने वेडेपणाच्या कारणावरून आरोपीला निर्दोष ठरवले. तो तुरुंगाऐवजी वेड्यांच्या इस्पितळात गेला.

लोक खवळले. राणी व्हिक्टोरियाही रागावली, आणि तिला तसे कारण होते. 1840 मध्ये तिच्यावर गोळी झाडणारा एडवर्ड ऑक्सफर्डही असाच वेडा ठरून सुटला होता. उमरावांच्या सभागृहाने देशातल्या न्यायाधीशांना बोलावून सवाल केले आणि त्यांच्या उत्तरांतून मॅकनॉटन नियम तयार झाले: कृत्य करताना आपण काय करतो आहोत हे, किंवा ते चूक आहे हे, कळतच नसेल तरच माफी. आपले कलम 84 त्याच मुशीतले. गंमत अशी की कोबर्न यांनी कोर्टात मांडलेला विचार या नियमांपेक्षा कितीतरी ऐसपैस होता. हे नियम आधीच असते तर खुद्द मॅकनॉटन बहुधा फासावर गेला असता. म्हणजे आपल्या कलम 22 च्या मुळाशी कोबर्न यांचा युक्तिवाद नाही, त्यांच्या विजयाने उडालेली घाबरगुंडी आहे.

1847 मध्ये ते साउथहॅम्प्टनमधून उदारमतवादी खासदार म्हणून बिनविरोध निवडून आले. तीन वर्षे सभागृहात त्यांचे फारसे काही चालले नाही. मग जून 1850 मध्ये डॉन पॅसिफिको प्रकरण पेटले. जिब्राल्टरमध्ये जन्मलेला, म्हणून ब्रिटिश प्रजाजन असलेला हा ज्यू व्यापारी अथेन्समध्ये राहत होता. तिथे जमावाने त्याचे घर लुटले, आणि भरपाईसाठी परराष्ट्रमंत्री पामर्स्टन यांनी थेट ग्रीसच्या बंदराची नाकेबंदी करायला आरमार पाठवले. सभागृहात पामर्स्टन यांच्यावर चौफेर टीका होत असताना कोबर्न त्यांच्या बाजूने उठले आणि असे बोलले की काही आठवड्यांत त्यांना सॉलिसिटर जनरलचे पद आणि ‘सर’ ही पदवी मिळाली. पुढच्या वर्षी ते ॲटर्नी जनरल झाले. एका भाषणावर एवढी बढती आजही कुणाला मिळत असेल, पण इतक्या उघडपणे नाही.

ॲटर्नी जनरल म्हणून त्यांचा गाजलेला खटला 1856 चा. रजली गावचा डॉक्टर विल्यम पामर घोड्यांच्या शर्यतींच्या नादाला लागून कर्जात बुडाला होता. जॉन कुक या मित्राला त्याने विष दिल्याचा आरोप होता. गावाकडे निष्पक्ष ज्युरी मिळणे शक्य नाही म्हणून खटला लंडनला हलवता यावा, यासाठी संसदेने खास कायदाच केला. बारा दिवस काम चालले. कोबर्न यांनी पुराव्याचा एकेक धागा असा विणला की फाशी अटळ झाली. निकालानंतर पामरने शर्यतीच्याच भाषेत दाद दिली म्हणतात: ‘घोडा नव्हे, जॉकी जिंकला.’

त्याच वर्षाअखेर ते कॉमन प्लीज या वरिष्ठ दिवाणी कोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि 1859 मध्ये त्याहून मानाच्या क्वीन्स बेंच कोर्टाचे. या शेवटच्या खुर्चीवर ते एकवीस वर्षे, मरेपर्यंत राहिले. या पदावरच्या माणसाला उमरावपद मिळणे ओघानेच यायचे, यांना ते मिळाले नाही. कोबर्न यांनी लग्न केले नव्हते, पण त्यांना दोन मुले होती आणि ही गोष्ट लंडनमध्ये सर्वांना माहीत होती. सरकारने त्यांचे नाव पुढे केले तेव्हा राणीने त्यांच्या बदनाम नैतिक चारित्र्याचे कारण देऊन नकार कळवला.

राणीच्या दरबारी असा शेरा बसलेल्या माणसाने 1868 मध्ये अश्लीलतेची व्याख्या केली.

वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये धातूंचा व्यापार करणारे हेन्री स्कॉट नावाचे एक कडवे प्रोटेस्टंट गृहस्थ होते. कॅथलिक पाद्री कबुलीजबाबाच्या वेळी बायकांना कसले कसले प्रश्न विचारतात, हे दाखवणारी एक पुस्तिका ते शिलिंगभर किमतीला विकत. नफा घेत नसत. 1857 च्या अश्लील प्रकाशन कायद्याखाली त्यांच्या घरातून 252 प्रती जप्त झाल्या. स्थानिक न्यायाधिकारी बेंजामिन हिकलिन यांनी त्या नष्ट करायचा आदेश दिला, पण अपिलात रेकॉर्डर, म्हणजे शहराच्या वरच्या न्यायाधिकाऱ्यांनी तो रद्द केला. स्कॉट यांचा हेतू धार्मिक आहे, लोकांना बिघडवायचा नाही, एवढे त्यांना पुरेसे वाटले. प्रकरण कोबर्न यांच्यापुढे आले. हेतू चांगला असला तरी चालणार नाही, असे त्यांनी सांगितले आणि मग ते प्रसिद्ध वाक्य लिहिले. त्याचा आशय असा: ज्यांची मने अशा अनैतिक प्रभावाला खुली आहेत आणि ज्यांच्या हाती असले प्रकाशन पडू शकते, त्यांना बिघडवण्याकडे, भ्रष्ट करण्याकडे या मजकुराचा कल आहे का?

कसोटी कोबर्न यांची, पण नाव चिकटले ते मूळ आदेश देणाऱ्या बिचाऱ्या हिकलिन यांचे. तिची गोम ‘हाती पडू शकते’ या शब्दांत आहे. पुस्तक कुणासाठी लिहिले हा प्रश्नच उरत नाही, ते चुकून कुणाच्या हातात जाईल हा उरतो. म्हणजे घरातल्या सगळ्यात कोवळ्या वाचकाला समोर बसवून साऱ्या गावाचे वाचन ठरवायचे. पुढच्या न्यायालयांनी तर पूर्ण पुस्तक बाजूला ठेवून सुटे उतारे तपासायची सवय लावून घेतली.

म्हणून कोबर्न यांना सोवळे, कर्मठ न्यायाधीश समजणे बरोबर नाही. 1867 मध्ये जमैका या ब्रिटिश वसाहतीतल्या दडपशाहीबद्दल दोन लष्करी अधिकाऱ्यांवर आरोप आले, तेव्हा लष्करी कायद्याच्या नावाखाली वाटेल ते करता येत नाही, हे त्यांनी ज्युरीला तास न् तास समजावले. ज्युरीने ऐकले नाही, तो भाग वेगळा. 1872 मध्ये जिनिव्हात ‘अलाबामा’ जहाजाच्या दाव्यांवर लवाद बसला. अमेरिकी यादवीत दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांना इंग्लंडमधून लढाऊ जहाजे मिळाल्याबद्दल 1 कोटी 55 लाख डॉलर सोन्यात द्या, असा निर्णय ब्रिटनविरुद्ध गेला. ब्रिटनतर्फे लवादात बसलेल्या कोबर्न यांनी त्यावर सही केली नाही आणि वेगळे मत लिहून ते तडक निघून आले. मग टिचबोर्नचा खटला. समुद्रात बुडालेला सरदारपुत्र मीच, असा दावा करणाऱ्या आर्थर ऑर्टनवर खोट्या शपथेबद्दल 188 दिवस काम चालले. त्यात कोबर्न यांचे ज्युरीपुढचे समारोपाचे भाषणच अठरा दिवस. इतके दिवस ते जागेपणी ऐकणाऱ्या ज्युरीचेही कौतुक करायला हवे.

पण आपल्याला जवळचा खटला 1877 चा. चार्ल्स नोल्टन या अमेरिकी डॉक्टरची संततिनियमनावरची जुनी पुस्तिका चार्ल्स ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट यांनी मुद्दाम पुन्हा छापली, किंमत सहा पेन्स, गरिबाला परवडेल अशी. पकडून दाखवा, असे जणू पोलिसांना आमंत्रणच दिले. 29 वर्षांच्या बेझंट बाई कोबर्न यांच्यापुढे वकिलाशिवाय स्वतः उभ्या राहिल्या. हा खटला भरणेच अविचाराचे होते, असे कोबर्न यांनी भर कोर्टात बोलून दाखवले. पण ज्युरीने सांगितले की पुस्तक नीती बिघडवणारे आहे, आरोपींचा हेतू मात्र मुळीच वाईट नाही. आता हेतू मोजायचा नाही, हा नियम कोबर्न यांनीच घालून दिलेला. ज्युरीचे हे उत्तर ‘दोषी’ असेच धरावे लागेल, असे त्यांना सांगावे लागले. शिक्षा सहा महिन्यांची झाली, पण पुढच्या वर्षी अपिलात तांत्रिक मुद्द्यावर ती रद्द झाली. ब्रॅडलॉ पुढे 1889 च्या मुंबईतल्या काँग्रेस अधिवेशनाला आले. बेझंट 1893 मध्ये भारतात आल्या त्या इथल्याच झाल्या.

20 नोव्हेंबर 1880 रोजी कोबर्न दिवसभर कोर्टात बसले, पायी घरी गेले आणि त्याच रात्री हृदयविकाराने वारले. औरस वारस नव्हता, तेव्हा तीन काकांकडून फिरत आलेला किताबही त्यांच्याबरोबर संपला.

त्यांचे ते वाक्य मात्र इथे येऊन राहिले. बेझंट बाईंच्या गुन्ह्याचीच पुढची आवृत्ती म्हणावी अशी माणसे आपल्याकडेही निघाली. संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते आणि त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले होत होते. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड चुकला नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबईतल्या एका पुस्तकाच्या स्टॉलवर पोलिसांनी खोटा गिऱ्हाईक पाठवून डी. एच. लॉरेन्सची एक कादंबरी विकत घेतली. मुल्कराज आनंद बचावाचे साक्षीदार होते. दंड झाला वीस रुपये. त्या वीस रुपयांवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि 1964 मध्ये न्यायालयाने हिकलिन कसोटी भारतातही लागू असल्याचे मान्य केले. तोवर खुद्द इंग्लंडने 1959 मध्ये कायदा बदलून पुस्तक समग्र वाचायचे ठरवले होते आणि पुढच्याच वर्षी तिथल्या ज्युरीने तीच कादंबरी निर्दोष ठरवली होती.

1969 मध्ये जरा ढील मिळाली. चंद्रकांत काकोडकरांची ‘शामा’ ही कथा ‘रंभा’च्या 1962 च्या दिवाळी अंकात आली होती, त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. कामभावनेचा नुसता उल्लेख अश्लील ठरवला तर तरुणांना धार्मिक ग्रंथांखेरीज काही वाचताच येणार नाही, अशा अर्थाचे बोलून न्यायालयाने काकोडकरांना सोडले. कसोटी मात्र कायम राहिली. ती मोडीत निघाली फेब्रुवारी 2014 मध्ये, टेनिसपटू बोरिस बेकरच्या एका छायाचित्रावरच्या खटल्यात. हिकलिन यापुढे नको, समाजाच्या आजच्या मापांनी पाहा, असे न्यायालयाने सांगितले.

दहा वर्षांनी न्याय संहिता आली. तिचे कलम 294 उघडून पाहा. 1969 च्या दुरुस्तीने जुन्या 292 मध्ये घातलेली व्याख्या तिथे जवळपास तशीच आहे, फक्त इलेक्ट्रॉनिक मजकुराची भर पडली आहे. मजकूर समग्र पाहायची आणि सगळी परिस्थिती लक्षात घ्यायची अट आहे, पण शोधायचे आहे ते हेच: वाचणाऱ्याला बिघडवण्याकडे, भ्रष्ट करण्याकडे त्याचा कल आहे का?