स्कॅनर-प्रिंटरवरची झेरॉक्स

फ्लॅटबेड स्कॅनरच्या काचेवर कागद पालथा ठेवायचा, स्कॅन झालेलं चित्र कॉम्प्युटरवरनं सरळ प्रिंटरला पाठवायचं आणि जो कागद बाहेर येईल तो झेरॉक्स म्हणून वापरायचा, एवढाच ह्या पद्धतीचा अर्थ. ऑल-इन-वन मशीनवर कॉपीचं बटण असतं, त्यात हेच सगळं आतल्या आत होतं आणि कॉम्प्युटर चालू पण करावा लागत नाही, ते वेगळं. इथं विषय आहे तो स्कॅनर एका कंपनीचा, प्रिंटर दुसऱ्याच कंपनीचा आणि मध्ये कॉम्प्युटर, असल्या जोडणीचा. सांगलीत कुठल्याही चौकात एक-दोन रुपयात झेरॉक्स निघते, विजयनगरला कलेक्टर ऑफिस आणि कोर्टाच्या आसपास तर मशीनला उसंत नसते, मग घरी हा उद्योग कशाला असं कुणीही विचारेल. पन्नास पानांचा गठ्ठा असेल तर खरंच नको. पण कागद जीर्ण असेल, डाग पडलेला असेल, किंवा त्याची प्रत पुढं दहा वेळा लागणार असेल तर दुकानातल्या मशीनपेक्षा ही जोडणी लई बरी, कारण इथं कागद आणि प्रत यांच्यामध्ये एक फाईल तयार होते आणि त्या फाईलवर आपल्याला हात फिरवता येतो.

झेरॉक्सचा मूळ शोध चेस्टर कार्लसनचा, २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात त्यानं पहिली कोरडी प्रत काढली, आणि ऑफिसात ठेवण्याजोगं मशीन म्हणजे झेरॉक्स ९१४ बाजारात यायला १९५९ उजाडलं. स्कॅनरची गोष्ट वेगळ्या वाटेनं आली. १९५७ मध्ये रसेल किर्श आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पहिला फोटो कॉम्प्युटरमध्ये घेतला, किर्शच्या तान्ह्या मुलाचा, १७६ बाय १७६ ठिपक्यांचा, पण तो ड्रम स्कॅनर होता, म्हणजे फोटो फिरत्या नळकांड्यावर गुंडाळून वाचणारा. सपाट काच आणि खालून सरकणारा सेन्सर ही रचना १९७६ च्या कुर्झवाईल रीडिंग मशीनमध्ये दिसते, ते मशीन अंध लोकांना छापील मजकूर वाचून दाखवायचं. म्हणजे स्कॅनर हा जन्मापासून प्रती काढायला बनलेलाच नाही, प्रिंटर शेजारी आला तेव्हा लोकांनी ते काम त्याच्या गळ्यात बांधलं.

आत काय होतं

बाजारात दोन जातीचे स्कॅनर मिळतात. जुन्या जाडजूड स्कॅनरमध्ये दिवा, आरसे, लेन्स आणि सीसीडी सेन्सर असतो. आताचे पातळ स्कॅनर सीआयएस सेन्सरचे, त्यात लाल-हिरवे-निळे एलईडी आणि सेन्सरची पट्टी काचेच्या अगदी खाली लागून फिरते. सीआयएसचा फायदा म्हणजे बरेचसे स्कॅनर नुसत्या यूएसबी वायरवर चालतात, लाईट गेली तरी लॅपटॉपवर स्कॅन होतं. तोटा म्हणजे कागद काचेला टेकलेलाच पाहिजे, जरा उचलला गेला की अक्षर धूसर. पासबुकच्या मधल्या शिवणीजवळची ओळ सीआयएसवर हमखास पुसट येते तीच सीसीडीवर वाचता येते, त्यामुळं कुणी जुना जाड स्कॅनर भंगारात काढत असेल तर आधी विचार करावा. अडचण एकच, जुन्या स्कॅनरचे ड्रायव्हर नव्या विंडोजला बरेचदा कंपनी देतच नाही, मशीन धडधाकट असून अडगळीत जातं. असले बरेच स्कॅनर लिनक्सवर सेन नावाच्या प्रणालीतनं अजून चालतात.

स्कॅन करून मग प्रिंट देणं हे दोन वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये केलं तर कंटाळा येतो. विंडोजवर आयकॉपी नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम आहे, स्कॅनर निवडा, प्रिंटर निवडा, एक बटण दाबा, झाली झेरॉक्स. लिनक्सवर एक्ससेनमध्ये कॉपीचा मोड आधीपासून आहे. बरीच पानं असतील तर नॅप्स-टू बरा, सगळी पानं आधी गोळा करून एकदम छापता येतात, पाठपोट छापायचं असेल तर हाच मार्ग सोपा पडतो.

सेटिंगमध्ये लोक सगळ्यात जास्त चुकतात ते डीपीआयला, म्हणजे एका इंचात किती ठिपके घ्यायचे त्याला. ३०० पुरे. ए-फोर कागद ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचा होतो, कलरमध्ये न दाबलेली (कॉम्प्रेस न केलेली) फाईल साधारण २६ एमबी, ग्रेमध्ये ९ च्या आत आणि निव्वळ काळ्या-पांढऱ्यात १ एमबीच्या आसपास. ६०० केलं की सगळं चौपट, स्कॅनर रांगत चालतो आणि छापल्यावर नुसत्या डोळ्यांना फरक जवळजवळ दिसत नाही. ६०० ठेवायचं ते बारीक शिक्के, स्टॅम्प पेपरवरची नक्षी असल्या गोष्टींना, किंवा मोठं करून छापायचं असेल तर.

दुसरी गोष्ट मापाची. प्रिंटर कागदाच्या कडेला काही मिलिमीटर छापूच शकत नाही, म्हणून प्रिंटचा डायलॉग आपणहून ‘फिट टू पेज’ करतो आणि सगळं थोडं आक्रसतं. मजकुराला चालतं, पण घराचा नकाशा किंवा मोजणीचा नकाशा असेल तर स्केल बिघडली म्हणजे प्रत वाया गेली, तिथं ‘अॅक्च्युअल साईज’ किंवा १०० टक्केच पाहिजे. आधार-पॅनच्या आकाराचं कार्ड ८५.६ बाय ५४ मिलिमीटरचं असतं, छापून पट्टी लावून बघितलं की माप बरोबर आहे का ते लगेच कळतं. कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच पानावर घ्यायच्या तर एक बाजू स्कॅन करून ती वर आणि दुसरी खाली लावायची, दुकानातला पोऱ्या हे दोन बटणात करतो, घरी दोन मिनिटं जातात.

आणि लिगल कागद. झेरॉक्स ९१४ चं नावच ९ बाय १४ इंचांपर्यंतचा कागद घेतो म्हणून पडलं, म्हणजे १९५९ चं ते मशीन लिगल पेपर अख्खा घ्यायचं, आणि आपला घरातला स्कॅनर २१६ बाय २९७ मिलिमीटरवर संपतो. लिगल ३५६ मिलिमीटर लांब. त्यामुळं खरेदीखत, करारपत्र, स्टॅम्प पेपर काचेबाहेर लोंबतो, कडेच्या उंच फ्रेमवर चढतो आणि नेमका सह्यांचा भाग धूसर होतो. असला कागद दोन वेळा स्कॅन करून मध्ये जोडावा नाहीतर सरळ चौकात जावं. जोडलेलं चित्र ए-फोरवर बसवताना साधारण ८३ टक्क्यांवर येतं, वाचता येतं, पण काही ऑफिसं लिगलला लिगलच मागतात.

डाग, शिक्के आणि आकडे

ह्या पद्धतीची खरी कमाई इथं आहे. सांगलीत हळदीची पट्टी, म्हणजे अडत्यानं दिलेला हिशोब, बरेचदा पिवळ्या बोटांच्या ठशांसकट घरी येतो. साध्या झेरॉक्सवर हे पिवळे डाग करडे होऊन अक्षरावर बसतात. स्कॅनरवर कलरमध्ये घ्यायचं आणि कुठल्याही फोटोच्या प्रोग्रॅममध्ये फक्त लाल चॅनेल, म्हणजे चित्रातला लाल प्रकाशाचा थर, तेवढा ठेवायचा. हळद निळा प्रकाश शोषते आणि लाल परत फेकते, त्यामुळं लाल चॅनेलमध्ये डाग जवळजवळ नाहीसा होतो, आणि निळ्या बॉलपेनचं अक्षर उलट जास्त काळं दिसतं. जुन्या कागदाचा पिवळेपणा आणि चहाचा डाग पण बराचसा ह्यानंच जातो. पण सांभाळून, कागदावर लाल शाईचा शिक्का किंवा लाल पेनची सही असेल तर ती पण त्याच चॅनेलमध्ये उडून जाते, आणि शिक्का नसलेली प्रत घेऊन गेल्यावर साहेब काय म्हणतात ते वेगळं सांगायला नको. निळ्या शिक्क्याला काही होत नाही.

पातळ कागदावर मागचं छापलेलं पुढं दिसतं, त्याला झाकणाच्या पांढऱ्या फोमऐवजी कागदामागं काळा कार्डपेपर ठेवायचा. पार्श्वभूमी थोडी करडी येते ती ब्राईटनेसनं साफ होते, मागची अक्षरं मात्र जातात. पेपरातल्या फोटोवर जाळी-जाळी उमटते ती स्कॅनरच्या ‘डीस्क्रीन’नं कमी होते.

मोडीतले जुने कागद हा आपल्याकडं अलीकडं परत आलेला विषय, कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली तेव्हापासनं माळ्यावरच्या पेट्या उघडायला लागल्या. मोडीचा कागद निव्वळ काळ्या-पांढऱ्या मोडमध्ये कधी घेऊ नये, पुसट झालेली बारीक वळणं कटतात आणि मग वाचणाऱ्याला अक्षरच लागत नाही. ग्रे किंवा कलरच. फीडर (कागद आपोआप ओढून घेणारा भाग) असलेल्या मशीनमधनं तर असला कागद घालूच नये, रोलरमध्ये तुकडे होतात. सपाट काच ह्याच कामाची.

पुराचं पण तसंच. २००५, २०१९, २०२१, कृष्णेनं काय काय नेलं ते सांगलीकरांना माहीत आहे, २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. भिजलेला कागद ओला असताना काचेवर ठेवायचा नाही, सावलीत पसरून सुकवायचा, गाळ मऊ ब्रशनं झाडायचा, कारण गाळातली रेती काचेवर ओरखडा काढते आणि मग पुढच्या प्रत्येक प्रतीवर त्याच जागी रेघ. ओलसर वाटत असेल तर मध्ये पारदर्शक प्लॅस्टिक शीट घ्यायची. छापताना पण हा विचार करावा, साध्या इंकजेटची डाय शाई पाण्यात वाहते, लेसरचा टोनर म्हणजे उष्णतेनं वितळवून कागदावर बसवलेली प्लॅस्टिकची भुकटी, तो टिकतो. पावसाळ्यात ऑफिसात द्यायची प्रत लेसरवरचीच बरी. फक्त लेसरचा हीटर सुरू होताना वीज जोरात ओढतो, घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर तो लावू नये.

आकड्यांबद्दल एक किस्सा ठाऊक असावा. ऑगस्ट २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल ह्या जर्मन माणसानं दाखवून दिलं की झेरॉक्सची काही वर्कसेंटर मशीनं स्कॅन करताना ६ चा ८ करतात. फाईल लहान करायला जेबिग-टू पद्धत सारखे दिसणारे ठिपके शोधून एकाच्या जागी दुसरा चिकटवायची, आणि आकडा अगदी स्वच्छ, ठसठशीत पण चुकीचा यायचा. सातबाऱ्यावरचं क्षेत्र किंवा ऊसकाट्याच्या पावतीवरचं वजन असं बदललं तर काय होईल बघा. साधा जेपेग असा आकडा बदलत नाही, फार दाबला तर घाण करतो आणि घाण निदान दिसते तरी. म्हणून पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवावं आणि ‘सगळ्यात लहान पीडीएफ’ असल्या पर्यायाच्या नादाला लागू नये. काटा पावती, एटीएमची स्लिप असले थर्मल कागद तर आल्या आल्या स्कॅन करावेत, ते उन्हात आणि गाडीच्या डिकीत काही महिन्यांत कोरे होतात.

कायदा आणि फाईल

घरी काढलेली प्रत आणि दुकानातली प्रत ह्यात कायद्याला फरक नाही, दोन्ही नुसत्या प्रतीच, त्यावर ‘स्वयंसाक्षांकित’ लिहून सही केली की बऱ्याच अर्जांना चालतं, आणि जिथं प्रमाणित नक्कल (सर्टिफाईड कॉपी) मागतात तिथं संबंधित ऑफिसातनंच घ्यावी लागते. डाग काढणं वेगळं आणि मजकूर बदलणं वेगळं, फाईलवर हात फिरवता येतो म्हणून तारीख-आकडे बदलले तर ती बनावट कागदपत्रं होतात. नोटा स्कॅन करून छापायच्या भानगडीत गंमत म्हणून सुद्धा पडू नये, खऱ्या नोटेसारखा दिसणारा कागद बनवणं हाच गुन्हा आहे, आणि फोटोशॉपसारखे काही प्रोग्रॅम बऱ्याच देशांच्या नोटा ओळखून उघडायलाच नकार देतात. पुस्तकांबद्दल दिल्ली हायकोर्टानं १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स केसमध्ये शिकवण्याच्या कामासाठी पानं काढायला मोकळीक मान्य केली होती, त्याचा अर्थ अख्खं पुस्तक छापून विकायला परवानगी असा नाही.

जी फाईल उरते म्हणून ही पद्धत चांगली, तीच नेट कॅफेत डोकेदुखी होते. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आधार, पासबुक स्कॅन केलं तर ते पिक्चर्स नाहीतर डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये तसंच पडून राहतं. उठायच्या आधी तिथनं आणि रिसायकल बिनमधनं पण काढावं, आणि जिथं चालत असेल तिथं शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार द्यावं, ते यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, साईटवरनं उतरवता येतं.