कनौज

उत्तर प्रदेशातील प्राचीन नगर व याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. हे कानपूरच्या वायव्येस सुमारे ८० किमी. अंतरावर आहे. गंगा पूर्वी नगराच्या अगदी कडेने वाहत असे. पुढे तिचे पात्र दूर सरकले आणि आज जवळून वाहते ती काली नदी. १९९७ मध्ये फरुखाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन कनौज हा स्वतंत्र जिल्हा झाला. कान्यकुब्ज, महोदय, गाधिपूर, कुशस्थल ही त्याची जुनी नावे होत.

‘कान्यकुब्ज’ या नावाची कथा दोन रूपांत आढळते. रामायणाच्या बालकांडानुसार कुशाचा पुत्र कुशनाभ याने महोदय नगर वसवले. घृताची अप्सरेपासून त्याला झालेल्या शंभर कन्यांना वायूने मागणी घातली. पित्याच्या संमतीवाचून वर निवडण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा वायूने त्यांची शरीरे मोडून वाकवली. पुढे कांपिल्याचा राजा ब्रह्मदत्त याने त्यांचे पाणिग्रहण केले आणि त्याच्या हाताच्या स्पर्शाने त्या पूर्ववत झाल्या. कुशनाभाचा पुत्र गाधी आणि त्याचा पुत्र विश्वामित्र. गाधिपूर हे नाव या परंपरेतले. सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग याने ऐकलेल्या कथेत वायू नाही. तेथे शंभर कन्यांचा पिता ब्रह्मदत्त आहे. दीर्घ समाधीत खांद्यावर वृक्ष वाढलेला एक ऋषी त्यांच्यापैकी एकीला मागणी घालतो. सर्वांत धाकटीच तयार होते, म्हणून रागावलेला ऋषी उरलेल्या नव्याण्णव जणींना कुबड्या होण्याचा शाप देतो. पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथात ‘कान्यकुब्जी’ हे रूप आलेले असल्याने नाव निदान इ. स. पू. दुसऱ्या शतकाइतके जुने असावे. दोन्ही कथा नावाचा अर्थ लावण्यासाठी मागाहून रचल्या गेल्या, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

उत्खननात चित्रित करड्या मृद्भांड्यांचे (नक्षीदार राखी मातीच्या भांड्यांचे) अवशेष मिळाल्यामुळे वस्ती इ. स. पू. पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धापर्यंत मागे नेता येते. पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी यात्रेकरू फाहियान याला येथे बौद्धांच्या हीनयान पंथाचे दोनच विहार दिसले. मौखरी राजघराण्याच्या काळात नगराचे महत्त्व वाढले. ग्रहवर्मा मौखरीचा वध झाल्यावर त्याच्या पत्नीचा, राज्यश्रीचा, भाऊ हर्षवर्धन (कार. सु. ६०६–६४७) याने स्थाण्वीश्वराहून (ठाणेसर) आपली राजधानी येथे आणली. ह्युएनत्संगने शंभर विहार, दहा हजार भिक्षू आणि दोनशे देवालये नोंदवली आहेत. आठव्या शतकात कनौजचा राजा यशोवर्मा याच्या पदरी कवी वाक्पतिराज व विदर्भातील पद्मपूरचा नाटककार भवभूती होते, असे राजतरंगिणी या काश्मीरच्या इतिहासग्रंथावरून दिसते. वाक्पतीचे गउडवहो हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात आहे.

पुढील दीड शतक कनौजसाठी पाल, प्रतिहार व राष्ट्रकूट यांच्यात झालेला त्रिपक्षीय संघर्ष प्रसिद्ध आहे. पाल राजा धर्मपाल याने गादीवर बसवलेल्या चक्रायुधाला प्रतिहार राजा दुसरा नागभट याने हटवले. मात्र प्रतिहारांनी राजधानी येथे केव्हा आणली, हे निश्चित सांगणे कठीण आहे. प्रतिहार राजा भोज याचा ८३६ चा बराह ताम्रपट महोदय येथील ‘स्कंधावारा’तून दिलेला आहे. स्कंधावार म्हणजे छावणी, म्हणून हे महोदय कनौजच का, अशी शंका घेतली गेली. ती फारशी टिकत नाही; राजधानीचा निर्देशही ताम्रपटांत या शब्दाने होतो.

राष्ट्रकूट तिसरा इंद्र याची स्वारी (सु. ९१६) दख्खनच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिचा मुख्य पुरावा म्हणजे चौथ्या गोविंदाचा ९३० चा खंभात ताम्रपट, तो दे. रा. भांडारकर यांनी संपादित केला. इंद्राच्या हत्तींच्या दंतप्रहारांनी ‘कालप्रिया’चे प्रांगण खडबडीत झाले, त्याचे घोडे अथांग यमुना तरून गेले आणि त्याने शत्रूचे महोदय नगर असे उपटून टाकले की लोक आजही त्याला कुशस्थल म्हणतात, असे त्यात म्हटले आहे. कुशस्थल हे नगराचे जुनेच नाव. येथे कवीने ‘जेथे केवळ कुश गवत उरले ती जागा’ असा श्लेष साधला आहे. म्हणून हा श्लोक नगराच्या समूळ नाशाचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. कालप्रिय म्हणजे उज्जैनचे महाकाल, असे काहींचे मत आहे. वा. वि. मिराशी यांनी ते यमुनाकाठचे काल्पी ठरवले. श्लोकात कालप्रियामागोमाग यमुना येते, त्यामुळे मिराशींचे मत अधिक ग्राह्य वाटते. ते मान्य केले तर भवभूतीची नाटके ज्या कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली, तेही हेच स्थान ठरते. राष्ट्रकूटांचा ताबा अल्पकाळच टिकला. प्रतिहार महीपाल पुन्हा गादीवर आला.

महीपालाच्या दरबारी असलेला कवी राजशेखर स्वतःला यायावर कुळातला म्हणवतो आणि आपल्या पणजोबांना ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणतो. काव्यमीमांसा या आपल्या ग्रंथात त्याने दिशांची गणना महोदय नगरापासून करावी, असे मत मांडले आहे. त्या काळातील कनौजचे स्थान यातून कोणत्याही प्रशस्तीपेक्षा स्पष्ट होते.

डिसेंबर १०१८ मध्ये गझनीच्या महमूदाने नगर लुटले. राज्यपाल प्रतिहार आधीच निघून गेला होता. अकराव्या शतकाच्या अखेरीस गाहडवाल घराण्याची सत्ता आली. त्यांचा राजा जयचंद्र ११९४ मध्ये चंदावर येथे मुहम्मद घोरीशी लढताना मारला गेला. त्याची कन्या संयुक्ता हिचे स्वयंवर व पृथ्वीराजाने केलेले तिचे हरण ही कथा पृथ्वीराज रासोमुळे सर्वतोमुखी झाली. तथापि नयचंद्र सूरीच्या रंभामंजरी या सट्टकाचा (प्राकृत नाटकाचा) नायक जयचंद्रच असूनही त्यात हा प्रसंग नाही. (या सट्टकात काही मराठी रचनाही आहे.) जयचंद्राच्या फितुरीची कथाही उत्तरकालीन दिसते.

१७ मे १५४० रोजी येथील लढाईत शेरशाहाने हुमायूनचा पराभव केला. त्यानंतर नगराचे राजकीय महत्त्व ओसरले.

येथील अत्तराचा धंदा आजही चालू आहे. तांब्याच्या देगमध्ये (मोठ्या भांड्यात) फुले व पाणी उकळून त्यांची वाफ बांबूच्या नळीने भपक्यातील (वाफ गोळा करण्याच्या भांड्यातील) चंदनतेलात उतरवतात. भाजलेल्या मातीपासून काढलेले ‘मिट्टी’ अत्तर ही येथील खासियत होय.