व्हायोला द गांबा आणि बरोक चेलो: दोन वेगळी घराणी

‘गांबा म्हणजे चेलोचाच पूर्वज’ असं सर्रास सांगितलं जातं, आणि ते चूक आहे. घोटाळा होतो तो दिसण्यामुळे. दोन्ही वाद्यं बसून, पायांमध्ये धरून, गजानं वाजवतात. दोन्हींच्या तारेची लांबी साधारण 70 सेंटिमीटर असते, आणि बरोक (साधारण 1600 ते 1750 या काळातल्या) रचनांत दोघांकडेही बहुतेक वेळा खर्जाची ओळ येते. पण वंशावळ पाहिली तर गांबा 15व्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या पूर्व भागात, गजानं वाजवायच्या विहुएला या गिटारसारख्या वाद्यापासून तयार झाला आणि तिथून इटलीत गेला. चेलो व्हायोलिनच्या कुटुंबातला. ते कुटुंब 16व्या शतकात उत्तर इटलीत उभं राहिलं. पुढची जवळजवळ दोनशे वर्षं ही दोन घराणी शेजारी शेजारी नांदली. त्यामुळे जुनं संगीत जुन्या वाद्यांवर वाजवायचं ठरवलं, की कोणत्या रचनेला यातलं कोणतं वाद्य घ्यायचं हा खराखुरा प्रश्न असतो. तिथं चुकलं तर गज, बोटं आणि सूर, तिन्ही चुकत जातात.

आधी बांधणी पाहू. गांब्याची पाठ सपाट असते आणि वरच्या बाजूला मानेकडे कलती होते. खांदे उतरते, बाजू खोल, पोटाची फळी पातळ, आणि कडा बाजूंच्या बाहेर आलेल्या नसतात. चेलोची पाठ फुगीर, खांदे गोल आणि कडा बाहेर आलेल्या. पोटावरची भोकं बहुधा गांब्यावर इंग्रजी ‘सी’च्या आकाराची आणि चेलोवर ‘एफ’च्या आकाराची असतात, पण एवढ्यावर भरवसा ठेवू नका. ‘एफ’ भोकांचे गांबेही आहेत, आणि चेलोचा बोलबाला झाल्यावर कितीतरी जुने गांबे कापून, मान बदलून त्यांचे चेलो केले गेले. अशा वाद्याच्या खुंट्यांच्या पेटीत बुजवलेली जादा भोकं दिसली, तर तो मुळात गांबा होता असं समजायला हरकत नाही.

तारांचा हिशेब आपल्या कानाला पटकन समजेल असा आहे. चेलोला चार तारा, प्रत्येक शेजारच्या जोडीत सा-पचं अंतर: सी, जी, डी, ए. गांब्याला सहा: डी, जी, सी, ई, ए, डी. त्यातली अंतरं सा-म, सा-म, मग मधोमध एकदाच सा-ग, आणि पुन्हा सा-म, सा-म. फ्रान्समध्ये 17व्या शतकाच्या उत्तरार्धात खाली सातवी तार आली, खर्जातल्या ‘ए’ची, तिचं श्रेय सँत-कोलोंब या फ्रेंच गांबावादकाला दिलं जातं. सहा तारा, अंतरं लहान आणि घोडीची कमान चपटी, त्यामुळे गांब्यावर चार-पाच स्वरांचे झंकार (कॉर्ड) हाताखाली सहज येतात. चेलोवर तेच करायला गेलं तर बोटं पुरत नाहीत. चेलोलाही अपवाद आहे: जर्मन संगीतकार बाखच्या सहाव्या सुइटला (सुइट म्हणजे नृत्यप्रकारांवर बेतलेल्या तुकड्यांची मालिका) पाच तारांचं वाद्य लागतं, वरची तार ‘ई’ची.

आता पडदे. खरा फरक इथं आहे.

चेलोची बोटं ठेवायची पट्टी मोकळी असते. गांब्याच्या मानेभोवती तातीचे (जनावराच्या आतड्याच्या दोरीचे) सात पडदे बांधलेले असतात, आणि ते सरकवता येतात. सतारीचे पडदे रागाप्रमाणे सरकवणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. बांधायची रीत अशी. तात मानेभोवती दोनदा फिरवायची, गाठ खर्जाच्या तारेच्या बाजूला मानेच्या कडेवर आणायची, आणि उरलेली टोकं कापून किंचित जाळायची. जळालेल्या टोकाचा बारीक गोळा होतो, मग गाठ सुटत नाही. पडदा त्याच्या जागेवर बांधायचा नाही. थोडा वर, खुंट्यांच्या बाजूला बांधून मग खाली सरकवायचा. मान खाली जाड होत जाते, त्यामुळे पडदा आपोआप आवळतो. थेट जागेवर बांधलेला पडदा हमखास सैल राहतो आणि वाजवताना हलतो. तातीची जाडीही सगळीकडे सारखी नसते: पहिला पडदा सगळ्यांत जाड, सातवा सगळ्यांत बारीक. हा क्रम चुकला, तर वरच्या पडद्यावर दाबलेली तार खालच्या पडद्याला घासून खरखरते. जुन्या पडद्यावर तारेनं खाच पाडली तरी हीच खरखर येते. तिथं सूर लावून काही होत नाही, पडदाच बदलावा लागतो.

पडदा कुठे ठेवायचा? आजच्या पियानोसारखी समान विभागणी धरली, तर 70 सेंटिमीटरच्या तारेवर पहिला पडदा वरच्या आडपट्टीपासून 3.9 सेंटिमीटरवर येतो. पण रेनेसान्स आणि सुरुवातीच्या बरोक काळात मीनटोन पद्धतीनं, म्हणजे पंचम किंचित उतरवून गंधार शुद्धाजवळ आणत, सूर लावण्याची रीत होती. तिच्या पाव-कोमा प्रकारात (पंचम ‘कोमा’ या बारीक अंतराच्या चौथ्या हिश्शानं उतरवतात तो) गंधार अगदी शुद्ध असतो, तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो तसा. समान विभागणीतला गंधार त्याहून 14 सेंट चढा असतो (समान विभागणीतल्या अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). या शुद्ध गंधाराची किंमत अर्धस्वरांना मोजावी लागते. ते दोन मापांचे होतात, मोठा 117 सेंटचा आणि छोटा 76 सेंटचा. म्हणजे पहिला पडदा मोठ्या अर्धस्वरासाठी 4.6 सेंटिमीटरवर हवा आणि छोट्यासाठी 3 सेंटिमीटरवर. पडदा मात्र एकच, आणि तो सहाही तारांखालून जातो! ‘ई’च्या तारेवर त्याच्याकडून ‘एफ’ हवा, तो मोठा अर्धस्वर. शेजारच्या ‘सी’च्या तारेवर ‘सी शार्प’ हवा, तो छोटा.

यावर तीन तोडगे आहेत. पडदा मोठ्या अर्धस्वरावर ठेवायचा आणि ‘सी’च्या तारेखाली 3 सेंटिमीटरवर तातीचा छोटा तुकडा चिकटवायचा. किंवा पडद्याचे दोन वेढे फाकवून दोन जागा करायच्या. किंवा सहाव्या हिश्शाच्या कोमाचा सौम्य मीनटोन घ्यायचा. त्यात मोठ्या-छोट्या अर्धस्वरांच्या जागांमधलं अंतर पाऊण सेंटिमीटरवर येतं, आणि उरलेली कसर बोटाच्या दाबानं भरता येते. बरोक रचनांसाठी हा तिसरा मार्ग उत्तम. 16व्या शतकातलं समूहवादन असेल तर पहिल्या मार्गाची मेहनत घ्यावीच. तिथले शुद्ध गंधार ऐकल्यावर दुसरं काही नको वाटतं.

चेलोवादकाला हे काहीच करावं लागत नाही. ‘सी शार्प’ आणि ‘डी फ्लॅट’ तो बोटानं वेगळे काढतो. पण साथीला हार्पसिकॉर्ड (तारा छेडणारं, पियानोसारख्या पट्ट्यांचं वाद्य) असेल, तर दोघांनीही ते कोणत्या पद्धतीनं लावलं आहे हे आधी विचारायला हवं. हार्पसिकॉर्ड मीनटोनमध्ये आणि गांब्याचे पडदे समान विभागणीत, अशी गाठ पडली तर प्रत्येक मुक्कामाच्या झंकारात गंधार भांडतो, आणि ऐन मैफलीत त्यावर इलाज नसतो.

गजाचं प्रकरण याहून जास्त अंगात मुरलेलं असतं. चेलोचा गज तळवा खाली ठेवून धरतात, गांब्याचा तळवा वर करून. आपल्याकडे सारंगियाचा हातही असाच असतो. गांबावादकाचं मधलं बोट गजाच्या केसांवर असतं आणि वाजवता वाजवता केसांचा ताण कमीजास्त करतं. म्हणून गांब्यावर स्वर आतून फुलवता येतो. पण खरी गोम दिशेची आहे. चेलोवर जोरदार गज तो बाहेर ओढलेला, मुठीकडून टोकाकडे जाणारा. गांब्यावर जोरदार गज तो आत ढकललेला, टोकाकडून मुठीकडे येणारा. तालाची सम चेलोवादक ओढून घेतो आणि गांबावादक ढकलून. एकाच ओळीत दोघं बसले तर गज उलटसुलट दिशांना चाललेले दिसतात, आणि तेच बरोबर असतं. दिसायला एकसारखं हवं म्हणून ते जुळवू नयेत. तसं केलं तर दोघांपैकी एकाची सम मवाळ पडते.

(जुन्या चित्रांवरून निष्कर्ष काढताना मात्र जपून. 17व्या शतकात व्हायोलिन कुटुंबातली खर्जाची वाद्यं वाजवणारे बरेच जण गज तळवा वर करूनच धरत. नुसती पकड पाहून वाद्य ओळखता येत नाही. तारा आणि पडदे मोजावेत.)

चेलो शिकलेला वादक गांब्याकडे वळला की पहिली चूक वजनाची होते. चेलोच्या तारांना ताण जास्त, त्या हाताचं वजन पेलतात. गांब्याची फळी पातळ आणि तारांचा ताण कमी. तेवढंच वजन टाकलं तर आवाज मोठा न होता चिरकतो. आवाज हवा असेल तर गजाचा वेग वाढवायचा, दाब नाही. दुसरी चूक बोटाच्या जागेची. बोट पडद्याला अगदी लागून, वरच्या बाजूला पडायला हवं. लांब पडलं तर तार खरखरते, पडद्यावर चढलं तर स्वर मुका होतो. तिसरी चूक बोट लगेच उचलण्याची. पडद्यावर दाबलेली तार मोकळ्या तारेसारखी घुमते, म्हणून पुढच्या स्वरासाठी गरज लागेपर्यंत बोट तिथंच ठेवायचं. फ्रेंच वादकांनी याला नियमच मानलं होतं. बोटं उचलत गेलात की गांब्याचा अर्धा नाद हरवतो, कारण सुरांची साखळी मागून गुंजत राहणं हाच त्याचा स्वभाव आहे. आणि चौथी, कंपनाची सवय. पडदा असताना बोट हलवून सूर फारसा हलत नाही. तिथं दोन बोटांचं कंपन वापरतात: एक बोट पडद्याशी घट्ट, दुसरं त्याला चिकटून तारेवर हलकेच थरथरतं. ते अलंकार म्हणून ठरावीक स्वरांवर, सतत नाही.

बरोक चेलोबद्दल थोडक्यात. त्याला खाली टेकायचा खिळा नसतो. तो पोटऱ्यांमध्ये तोलून धरतात. खिळा सर्रास झाला तो 19व्या शतकात. तारा तातीच्या, गज बाहेरच्या बाजूला किंचित वाकलेला. ‘व्हायोलोनचेलो’ हा शब्द छापात 1665 साली दिसतो. तातीवर धातूची तार गुंडाळण्याची युक्ती त्याच दशकातली, आणि या दोन गोष्टींचा संबंध आहे: आखूड तारेवरही खर्ज दमदार वाजू लागला, तेव्हा एकल वादनाजोगा लहान चेलो शक्य झाला. इटलीतल्या बोलोन्यात चेलोवादक दोमेनिको गाब्रिएल्लीनं 1689 मध्ये एकट्या चेलोसाठी रचना लिहिल्या. यातून गांबावाल्यांनीही एक धडा घ्यायला हवा. 1600 च्या आसपासचं इंग्रजी समूहवादन करताना खालच्या तारांवर धातू गुंडाळलेल्या तारा चढवू नयेत. त्या काळी सगळ्या तारा साध्या तातीच्या होत्या, आणि त्यांचा किंचित भरड खर्ज त्या संगीतात बरोबर मुरतो.

सुराच्या पट्टीचं पाहायचं तर आज बरोकसाठी ‘ए’ 415 हर्ट्‌झ, फ्रेंच रचनांना बऱ्याचदा 392. 415 साठी तारा लावलेलं वाद्य आधुनिक वादकांच्या सोयीसाठी 440 वर ओढलं, तर ताण 12 टक्क्यांनी वाढतो. गांब्याच्या पातळ फळीशी हा खेळ करू नये. तात दमट हवेत फुगते, कोरड्या वातानुकूलित सभागृहात आकसते, खुंट्याही तशाच वागतात. म्हणून मुंबईच्या किंवा गोव्याच्या पावसाळ्यात तातीच्या तारांचं वाद्य वाजवायचं असेल, तर ते सभागृहात बरंच आधी नेऊन ठेवावं आणि दर दोन रचनांमागे सूर लावायला वेळ राखून ठेवावा.

कोणत्या रचनेला काय? पर्सेलच्या 1680 च्या फँटसिया, फ्रेंच गांबावादक मारँ मारेचे 1686 ते 1725 दरम्यानचे पाच संग्रह, बाखच्या हार्पसिकॉर्डसह तीन सोनाटा (बाखच्या रचनांच्या यादीत बीडब्ल्यूव्ही 1027 ते 1029), टेलेमनच्या 1735 च्या बारा एकल फँटसिया: हे सगळं गांब्याचं. विवाल्दीचे सोनाटा आणि बाखच्या सहा सुइट चेलोच्या. दोन्ही एकाच वेळी ऐकायचे असतील, तर बाखची सहावी ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो लावा. तिच्यात व्हायोलिन नाहीच. दोन व्हायोला, दोन गांबे, एक चेलो, व्हायोलोने (खर्जाचं मोठं गजवाद्य) आणि हार्पसिकॉर्ड आहेत. मधल्या संथ भागात गांबे गप्प असतात. पहिला भाग ऐकून लगेच दुसरा ऐकला, की गांब्यांचा भरणा निघून गेल्यावर चेलोचा टोकदार उच्चार कसा पुढे येतो ते कानाला स्पष्ट कळतं.

गांब्याचं संगीत चेलोवर वाजवू नये असं मुळीच नाही, पण नोटेशन विकत घेताना तपासून घ्या. चेलोसाठीच्या आवृत्त्यांत गजाच्या दिशा चेलोच्या सोयीनं लिहिलेल्या असतात आणि झंकारांतले स्वर गाळलेले असतात. मारेच्या मूळ छापील प्रतीत स्वरावर ‘पी’ दिसलं, तर ते हळू वाजवण्याची खूण नव्हे. ते गज आत ढकलायला सांगतं, आणि ‘टी’ बाहेर ओढायला. चेलोवर वाजवताना या दोन खुणा अदलाबदल करून वाचाव्यात, म्हणजे त्यानं जिथं जोर मागितला आहे तिथंच तो पडतो.