फुंकर मारल्याने कॅसेट चालत नसे

टीव्हीला जोडलेला गेम सुरू झाला नाही, की कॅसेट काढून तिच्या तोंडाशी जोरात फुंकर मारायची, हा उपाय सांगलीत विश्रामबागेपासून गावभागापर्यंत सर्वमान्य होता. फुंकरीने धूळ उडते म्हणून गेम चालतो, हा समज मात्र चुकीचा आहे. १९८३ च्या निन्टेन्डो फॅमिकॉम या गेमच्या यंत्रामध्ये, आणि आपल्याकडे विकल्या गेलेल्या त्याच्या साध्या नकलांमध्येही, संगणकासारखा बायोस (यंत्र सुरू होताच आधी चालणारा अंगभूत प्रोग्रॅम) नव्हता. बटण दाबताच ८ बिटांचा प्रोसेसर मेमरीतल्या ६५,५३२ आणि ६५,५३३ या पत्त्यांवरचे (जागांच्या क्रमांकांवरचे) दोन बाइट वाचतो, त्यांतून पहिल्या सूचनेचा पत्ता जुळवतो आणि थेट तिथे उडी घेतो. हे दोन्ही बाइट कॅसेटमधल्या रॉममध्येच, म्हणजे गेम साठवलेल्या चिपमध्येच, असतात. त्यामुळे ६० पिनांपैकी पत्त्याची किंवा डेटाची एखादी जरी नीट टेकली नाही, तरी प्रोसेसर भलतीकडेच भरकटू शकतो आणि पडद्यावर नुसता राखाडी रंग किंवा चौकोनांचा कचरा दिसतो.

उपयोग होत असे तो कॅसेट काढून पुन्हा बसवण्याचा, कारण त्या घासण्याने कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्यांवरचा थर खरवडला जाऊन पिना नीट टेकत. फुंकरीतल्या ओलाव्याने (आमची फुंकर तर थुंकीसकटच असे) त्याच पट्ट्या कालांतराने कळकू शकतात.