बिबळ्या कडव्याला पाय किती?

परवा परळजवळच्या एका शाळेत नवं ‘फुलपाखरू उद्यान’ बघायला गेलो होतो. झेंडू आणि पिटुनियाच्या कुंड्या, कडेला शोभेचे पाम, भिंतीवर रंगवलेलं भलंमोठं फुलपाखरू. मैदानाच्या कोपऱ्यात मात्र चीक वाळलेला एक बुंधा दिसला. कुंपणालगत आपोआप उगवलेली रुई, पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी तोडलेली. मला फार वाईट वाटलं. त्या सगळ्या आवारात फुलपाखराने घर करावं अशी जागा ती एकच होती.

फुलं लावली की फुलपाखरं येतात, हा समज अर्धा खरा आहे. येतात, मध पितात, निघून जातात. पिढी वाढते ती अळीला पान मिळेल तिथेच, आणि अळी खाण्याच्या बाबतीत भलती हट्टी असते. कढीपत्त्यावरची अळी रुईला तोंड लावत नाही, रुईवरची कढीपत्त्याला. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेलं नीलवंतही अंडी घालतं ते लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच. म्हणून शाळेच्या बागेत खाल्लेली पानं दिसली तर ती बाग चांगली चालली आहे असं समजावं. तिथे कीटकनाशक फवारलं की सगळा अभ्यासक्रमच पुसला जातो.

शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात तीच ही रुई. तिच्यावर बिबळ्या कडवा हे नारिंगी पंखांचं फुलपाखरू येतं. त्याची मादी पानावर उतरली की मुलांना पाय मोजायला सांगा. पुस्तकात कीटकाला सहा पाय असतात, इथे चारच भरतात. मुलं पुन्हा मोजतात, तरी चारच! पुढची जोडी आखूड असते आणि छातीशी दुमडलेली असते, तिचा चालायला उपयोग नाही. मादीच्या या पायांच्या टोकाशी चव ओळखणारे सूक्ष्म केस असतात. त्या पायांनी ती पानावर भराभर थापट्या मारते, पानातली रसायनं केसांना लागतात आणि झाड ओळखू येतं. खातरजमा झाली की पोट वळवून बहुतेक वेळा पानाच्या खालच्या बाजूला ती एकच अंडं चिकटवते. साबुदाण्याच्या दाण्याहूनही लहान, पांढुरकं.

पुढची गोष्ट विषाची आहे. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप चालू असतो. तो दर फेरीला सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. या असमान देवाणघेवाणीमुळे आवरणाच्या दोन बाजूंना विद्युतभारातला फरक टिकून राहतो आणि त्यावरच मज्जातंतू आणि हृदयाचे स्नायू चालतात. रुईतली द्रव्यं नेमकी या पंपाला चिकटून तो अडवतात. अळी मात्र हे पचवते, वर त्यातलं काही अंगात साठवते. ते प्रौढ फुलपाखरातही उतरतं. एकदा असा कडू घास घेतलेला पक्षी पुन्हा त्या नक्षीच्या वाटेला सहसा जात नाही. चीक डोळ्यात गेला तर माणसाला मोठी इजा होते, म्हणून रुईची छाटणी शिक्षकांनी किंवा माळ्यानेच करावी. मुलांनी हात न लावता भिंग घेऊन बसावं.

पंखांची भुकटी डोळ्यात गेली की आंधळेपण येतं, असं आजही मुलांना सांगितलं जातं. त्यात तथ्य नाही. ती भुकटी म्हणजे पंखांवरचे बारीक खवले, आणि पंखावरची नक्षी त्यांच्याच रंगांची असते.

मुंबईतल्या कितीतरी शाळांना मैदानच नाही. तरी एका पिंपात कढीपत्ता, दुसऱ्यात रुई, एका परातीत ओली माती आणि कोपऱ्यात न झाडलेला पाचोळा एवढं जमतं. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिनाभराचा, म्हणजे एका सत्रात वहीत तारखा लिहून दोनतीनदा बघता येतो. जागेचा आग्रहच असेल तर माहीमचं निसर्ग उद्यान दाखवून आणा. ते एकेकाळच्या कचऱ्याच्या डेपोवर उभं आहे.

आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीत उगवलेली घोळ उपटू नका. आपण जिची भाजी करतो तीच. छोटा चांदवा नावाचं फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं. त्याचा नर काळा, पंखांवर पांढरे ठिपके, मादी मात्र थेट बिबळ्या कडव्यासारखी नारिंगी. ती विषारी नाही, नुसता वेश घेतलेला. पाय मोजून फरक कळेल का, हे मुलांना विचारा. चांदव्याची मादीही चारच पायांवर बसते, त्यामुळे त्यांना पंखांकडेच वळावं लागेल. बिबळ्या कडव्याच्या मागच्या पंखाच्या मधोमध काही काळे ठिपके असतात, चांदव्याच्या मादीला तिथे वरच्या कडेजवळ एकच ठळक ठिपका असतो. उडत्या फुलपाखरात तो दिसत नाही, बसेपर्यंत थांबावं लागतं.