रिकामा केगसुद्धा रिकामा नसतो

बारमध्ये केग, म्हणजे बिअरचं धातूचं पिंप, हलवताना लोक घाबरतात ते वजनाला. बरोबरच आहे, 50 लिटरचा स्टीलचा केग भरला की साधारण 60 ते 65 किलोचा होतो, आणि कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी अमेरिकेतली निऑश ही सरकारी संस्था सगळं अगदी सोयीचं असलं तरी एका माणसाने उचलायच्या वजनाची मर्यादा 23 किलोच धरते. म्हणजे हिशोबाने तीन माणसांचं काम. ट्रॉली वापरा, ट्रॉली नसेल तर निदान दोघांनी धरा, खाली टेकवताना बोटं सांभाळा, विषय संपला. पाठीत उसण भरली तर निदान लगेच कळतं तरी. गॅसचं तसं नसतं, आणि केगच्या बाबतीत खरी गंमत आणि खरा धोका दोन्ही गॅसमध्येच आहे.

बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि द्रव जितका थंड तितका गॅस त्यात गुपचूप बसतो. नेहमीची लागर बिअर 3 अंशांना असेल तर केगमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा पाऊण बार जास्त दाब पुरतो (हा बार म्हणजे दाबाचं एकक, एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाइतका), तोच केग 20 अंशांवर गेला की तिथे दोन बारच्या आसपास दाब होतो, बिअर तीच, गॅस तेवढाच. म्हणून उतरवलेले केग मागच्या दारात उन्हात ठेवून द्यायचे नाहीत. असा गरम केग लावला की नळातून नुसता फेस येतो, मग कोणीतरी शहाणा गॅसचा दाब ठरवणारा रेग्युलेटर पिळून दाब कमी करतो, आणि त्याने उलटंच होतं, दाब कमी झाला म्हणून आणखी गॅस पाइपमध्येच सुटायला लागतो, फेस वाढतो आणि उरलेली बिअर हळूहळू बेचव होते. उपाय एकच, थंड होऊ द्या. पण 50 लिटर पाण्यासारखा द्रव थंड व्हायला वेळ खातो, कूलरमध्ये एक अख्खा दिवस धरून चला. फार थंडही नको, उणे दोन-तीन अंशांना नेहमीची बिअर गोठायला लागते आणि गोठताना फुगते.

आता रिकाम्या केगचं बघा. भरलेल्या केगमध्ये गॅसला मोकळी जागा जवळपास नसतेच. बिअर संपत जाते तशी ती जागा गॅस घेतो, आणि शेवटचा ग्लास भरला जातो तेव्हा आत 50 लिटर जागा दाबाखालच्या गॅसने भरलेली असते. दाब बाहेरच्यापेक्षा एक बार जास्त धरला तर बाहेर सोडल्यावर तो 100 लिटर होईल एवढा गॅस! म्हणजे दाबलेल्या गॅसचा जोर भरलेल्यापेक्षा रिकाम्या केगमध्ये जास्त. वरचा व्हॉल्व्ह आणि आतली लांब नळी हा एकच भाग असतो, तो कोणी पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन उघडायला गेला तर नळी थेट तोंडावर येते. अशाने माणसं मेलेली आहेत. केग उघडायचं काम ब्रुअरीचं, बारचं नाही. केग कापून काहीतरी बनवायचा मोह होतो त्यांनाही हेच.

केगला गॅस पुरवणारा सिलिंडर हा वेगळाच प्राणी आहे. त्यात कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो, 20 अंशांना दाब जवळजवळ 57 बार, आणि तळाशी थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत काटा तिथेच राहतो, त्यामुळे किती उरलाय हे काट्यावरून नाही तर वजनावरून बघायचं. सिलिंडर उभाच ठेवायचा आणि साखळीने भिंतीला बांधायचा. आडवा पडला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि पडताना व्हॉल्व्ह तुटला तर काय होईल ते सांगायला नको.

पण सगळ्यात वाईट म्हणजे आवाज न करता होणारी गळती. एक किलो द्रव म्हणजे साधारण 540 लिटर गॅस. तीन बाय तीन मीटरची, अडीच मीटर उंचीची खोली घ्या, हवा 22,500 लिटर. 10 किलोचा सिलिंडर तिथे बंद दाराआड रिकामा झाला तर हवेत वीस टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होईल, आणि 10 टक्क्यांतच माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. हा गॅस हवेच्या दीडपट जड, त्यामुळे तळघरात साचतो, रंग नाही, वासावर भरवसा ठेवता येत नाही.

"आमच्याकडे ऑक्सिजनचा अलार्म आहे" असं कोणी म्हणालं तर जरा थांबा. हवेत 5 टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तरी ऑक्सिजन 20.9 वरून 19.9 टक्क्यांवरच येतो आणि हे अलार्म बहुतेक 19.5 ला वाजतात. इकडे 4 टक्के कार्बन डायऑक्साइडलाच निऑश जीवाला तातडीचा धोका मानते, कारण तो नुसती ऑक्सिजनची जागा घेत नाही, रक्त आम्लधर्मी करून स्वतःच इजा करतो. म्हणजे सेन्सर कार्बन डायऑक्साइडचाच हवा, जमिनीपासून फूट-दीड फुटावर, आणि आकडा दाराबाहेर दिसायला हवा. आत कोणी पडलेला दिसला तर धावत आत जायचं नाही, दार उघडं टाकायचं, मदत बोलवायची. वाचवायला गेलेला दुसराही तिथेच पडतो, हे वारंवार झालंय.

गळती शोधायला मात्र महागडं काही लागत नाही. जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की सापडली. नाहीतर रात्री केगवरचे कपलर, म्हणजे केगला पाइप जोडणारे जोड, काढा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि लाइनच्या दाबाचा काटा कुठे आहे ते खडूने भिंतीवर लिहून ठेवा. सकाळी काटा खाली आला असेल तर कुठेतरी गॅस जातोय.