गुणाकाराच्या फुलीची चांदणी कशी झाली

फळ्यावर × असते, पुस्तकात असते, साध्या कॅल्क्युलेटरवरही असते. कीबोर्डवर मात्र तिच्या जागी * ठाण मांडून बसली आहे. याचं मूळ पंच कार्डांच्या काळात सापडतं. १९५७ साली फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली तेव्हा कार्डावर छिद्रं पाडणाऱ्या यंत्राकडे मोजकीच चिन्हं होती. फुली नव्हती, म्हणून गुणाकाराला चांदणी घेतली आणि घातांकाला दोन चांदण्या. < आणि > सुद्धा नव्हते. त्यामुळे पुढे तुलना करायची वेळ आली तेव्हा दोन टिंबांच्या मध्ये 'एलटी' (लहान), 'जीटी' (मोठं) अशी अक्षरं लिहावी लागली.

१९६३च्या आस्की या संगणकाच्या अक्षरसंचात सात बिट, म्हणजे १२८ जागा. बऱ्याच जागा यंत्राला हुकूम देणाऱ्या अदृश्य खुणांनी खाल्ल्या. + = < > यांची सोय झाली, पण × ÷ ≠ √ बाहेरच राहिले. घातांकासाठी सोयीचा असा वर जाणारा बाण त्या पहिल्या संचात होता. १९६७च्या सुधारणेत तो गेला आणि ^ ही टोपी आली, कारण काही युरोपीय भाषांत अक्षराच्या डोक्यावर द्यायला तिचाही उपयोग होता. आज आपण x^2 लिहितो ते त्या तडजोडीमुळे. सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ≠ ऐवजी लिहायचं != हेही तसलंच जुगाड, आणि ते इतकं अंगवळणी पडलंय की काही जण कागदावरही तसंच लिहितात!

छपाईची कथा वेगळी. १९७७ साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या हाती स्वतःच्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं आली. फोटोटाइपसेटिंगने, म्हणजे प्रकाशाने फिल्मवर अक्षरं उमटवून, केलेली ती जुळणी त्यांना इतकी खटकली की त्यांनी स्वतःच टेक ही अक्षरजुळणीची संगणक प्रणाली लिहायला घेतली. लवकर उरकेल असं वाटलेलं काम दहाएक वर्षं चाललं. त्यातली युक्ती साधी होती: चिन्ह कीबोर्डवर नसेल तर त्याचं नाव लिहा. उलटी तिरकी रेघ आणि पुढे 'अल्फा' लिहिलं की छापताना α उमटतो.

संगणकांवरचा सिम्बॉल फॉन्ट ही त्यामानाने फसवी सोय. त्यात α म्हणजे वेष बदललेला a. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की सोंग उतरायचं आणि सूत्राचा अर्थच बदलायचा.

युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या सामाईक अक्षरसंचाने १९९१पासून प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक दिला. वर्डमध्ये २२६० हा क्रमांक इंग्रजी अंकांत (2260) टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबलं की ≠ मिळतं. २००१मध्ये गणितासाठी ठळक, तिरपी, वळणदार अशी जवळजवळ हजार अक्षरं आली. त्यातल्या तिरप्या लहान अक्षरांत h ची जागा तेवढी रिकामी आहे. भौतिकशास्त्रातला प्लांकचा स्थिरांक म्हणून तो आधीच दुसरीकडे नोंदलेला होता.

वजाबाकीचं खरं चिन्हही युनिकोडमध्ये १९९१पासून वेगळं आहे, −. कीबोर्डवरची - ही आखूड रेघ संयोगचिन्ह आणि वजा अशी दोन्ही कामं करते. एखाद्या लेखातलं −5 उचलून पायथनच्या प्रोग्रॅममध्ये चिकटवून बघा. उत्तर येत नाही, अवैध अक्षर म्हणून तक्रार येते.